कॉम्बी बॉयलरचा दाब वारंवार उतरत असेल तर काय तपासावे

ब्रिटनमधल्या घरांत गॅसवर चालणाऱ्या कॉम्बी बॉयलरविषयी (रेडिएटर तापवणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा एकच बॉयलर) जी तक्रार सतत कानावर येते, ती बहुधा एकाच प्रकारची असते. थंडीत सकाळी उठावे तर रेडिएटर गार पडलेले असतात, नळाला गरम पाणी नसते, दाबमापकाचा काटा ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) खाली गेलेला असतो आणि बॉयलरच्या छोट्या पडद्यावर एखादा सांकेतिक क्रमांक झळकत असतो. व्हेलंटच्या बॉयलरवर तो एफ२२ असतो, आयडियलच्या अनेक बॉयलरांवर एफ१. पुस्तिकेत पाहून आपण फिलिंग लूपचे (नळाच्या वाहिनीतून यंत्रणेत पाणी भरण्याच्या वेणीच्या नळीचे) व्हॉल्व्ह उघडतो, काटा १.५ वर आणतो आणि बॉयलर पुन्हा सुरू होतो. आठवडाभराने पुन्हा तेच घडते, आणि हळूहळू घरातल्या कुणाला तरी रविवारी सकाळी पाणी भरण्याचे काम कायमचे लागते.

पाणी भरणे ही दुरुस्ती नाही. हीटिंगचे पाणी बंद चक्रात फिरते. ते नळाला येत नाही, वापरले जात नाही आणि वाफ होऊन उडून जाण्यासही त्याला वाट नसते. त्यामुळे थंड स्थितीतला काटा दर वेळी खाली येत असेल, तर बहुतेक वेळा पाणी कुठून तरी बाहेर जात आहे असेच समजावे. वर्षातून एखाद-दोन वेळा थोडे पाणी भरावे लागले, विशेषतः रेडिएटरमधली हवा काढल्यानंतर, तर त्यात वावगे काही नाही. ते दर महिन्याला किंवा दर आठवड्याला भरावे लागत असेल, तर पाण्याची वाट सापडेपर्यंत नवा बॉयलर घेण्याचा किंवा बॉयलर-विम्याची योजना घेण्याचा निर्णय पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पाणी जाण्याच्या संभाव्य जागांपैकी बऱ्याच जागा बॉयलरच्या बाहेर असतात, आणि त्या तशाच ठेवून नवा बॉयलर बसवला तर त्याचाही काटा त्याच वेगाने खाली येतो.

तपासणीला हात घालण्यापूर्वी मर्यादा ठरवून घ्याव्यात. पाणी भरणे, रेडिएटरमधली हवा काढणे, काटा पाहणे, बाहेरचा गोठलेला पाइप वितळवणे ही घरात राहणाऱ्याने करण्याजोगी कामे आहेत. बॉयलरचे आवरण उघडण्याचे आणि गॅसशी संबंधित कोणतेही काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या इंजिनिअरनेच करायचे असते. (जुने लोक अजूनही ‘कॉर्गीवाला’ म्हणतात, ग्रेट ब्रिटनमध्ये कॉर्गीची जागा गॅस सेफ रजिस्टरने १ एप्रिल २००९ रोजी घेतली.) इंजिनिअरच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणत्या प्रकारची कामे करण्याची परवानगी आहे ते छापलेले असते, आणि ते पाहायला मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. गॅसचा वास आला तर ही सारी चर्चा बाजूला ठेवून खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये, मीटरजवळचा गॅस बंद करावा आणि घराबाहेर पडून ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

काटा काय सांगतो

पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या माणसाला गीझर ओळखीचा असतो, पण भिंतीतल्या पाइपांतून घरभर गरम पाणी फिरवणारी ही व्यवस्था नवी असते. म्हणून तिची रचना थोडक्यात सांगतो. सर्वसाधारण घरात रेडिएटर, पाइप आणि बॉयलर मिळून शंभर लिटरच्या आसपास पाणी असते. थंड स्थितीत त्याचा दाब १ ते १.५ बार ठेवतात. पाणी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापले की सुमारे तीन टक्क्यांपर्यंत प्रसरण पावते, म्हणजे शंभर लिटरचे जवळजवळ तीन लिटर पाणी ‘वाढते’. बंद चक्रात या तीन लिटरांना जागा हवी, आणि ती एक्स्पान्शन व्हेसल नावाची टाकी देते. तिच्यात मधोमध रबरी पडदा असतो. एका बाजूला हीटिंगचे पाणी, दुसऱ्या बाजूला ०.७५ ते १ बार दाबाने भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी वाढले की पडदा सरकतो, हवा दाबली जाते आणि काटा १.५ वरून फार तर दोनच्या आसपास जातो. काही कारणाने दाब ३ बारपर्यंत चढलाच, तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे पाणी तांब्याच्या पाइपातून घराबाहेर सोडतो.

एवढे लक्षात घेतले की काट्याच्या वागण्यावरून बराच उलगडा होतो. त्यासाठी रात्री हीटिंग बंद होऊन पूर्ण थंड झाल्यावरचा आकडा आणि सकाळी हीटिंग तासभर चालल्यावरचा आकडा असे दोन्ही आकडे काही दिवस कागदावर लिहून ठेवावेत. इंजिनिअर आल्यावर ‘प्रेशर जाते’ असे मोघम सांगण्यापेक्षा हा कागद त्याच्या हाती देणे कितीतरी उपयोगाचे ठरते. तो ज्या अर्ध्या तासासाठी येतो त्यात बॉयलर थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत त्याला पाहायला मिळत नाही, आणि नेमके याच कारणाने ‘मी पाहिले तेव्हा सर्व ठीक होते’ असे सांगून तो निघून जातो.

गरम झाल्यावर काटा अडीच-तीनपर्यंत उसळतो आणि थंड झाल्यावर एकच्या खाली कोसळतो, असे दिसले तर संशय एक्स्पान्शन व्हेसलवर घ्यावा. वर्षानुवर्षांत तिच्यातली हवा रबरातून हळूहळू निसटते, किंवा पडदाच फाटतो. मग वाढलेल्या पाण्याला जागा उरत नाही, दाब ३ बारला टेकतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि लिटर-दोन लिटर पाणी बाहेर टाकतो. बॉयलर थंड झाला की तेवढे पाणी कमी असल्यामुळे काटा खाली जातो. आपण पुन्हा पाणी भरतो, ते पुन्हा तापते आणि पुन्हा बाहेर फेकले जाते. घरात कुठेही ओल दिसत नाही, कारण पाणी थेट बाहेरच्या भिंतीवर जाते.

याची खात्री करणे सोपे आहे. बॉयलरमागच्या बाहेरच्या भिंतीतून एक बारीक तांब्याचा पाइप निघून परत भिंतीकडे वळलेला दिसतो. त्याच्या तोंडाला रात्री एक प्लॅस्टिकची पिशवी सैलसर अडकवावी आणि सकाळी तिच्यात पाणी साचले आहे का ते पाहावे. (जवळच असलेला जाड पांढरा किंवा करडा प्लॅस्टिकचा पाइप वेगळा, तो कंडेन्सेटचा, म्हणजे धुरातल्या वाफेच्या पाण्याचा असतो आणि त्यातून पाणी येणे स्वाभाविक आहे.) पिशवीत पाणी सापडले तरी दोन शक्यता उरतात. एक तर दाब खरोखरच ३ बारपर्यंत जात असेल, किंवा व्हॉल्व्ह पूर्वी कधीतरी उघडला असेल आणि नंतर नीट बसलाच नसेल. कुकरची शिट्टी वाफ सोडून पुन्हा आपल्या जागी बसते, तसे या व्हॉल्व्हचे नेहमी होत नाही; पाण्यातला गाळ त्याच्या बैठकीवर अडकतो आणि त्यानंतर तो कोणत्याही दाबाला थेंब-थेंब गळत राहतो. म्हणून व्हेसल दुरुस्त करताना सेफ्टी व्हॉल्व्हही तपासला आणि बहुधा बदलला पाहिजे. नुसती व्हेसल भरून दिली आणि गळती तशीच राहिली, किंवा नुसता व्हॉल्व्ह बदलला आणि महिन्याभरात नवा व्हॉल्व्हही गळू लागला, या दोन अर्धवट दुरुस्त्यांतूनच ‘इतके इंजिनिअर येऊन गेले, तरी बॉयलर सुधारत नाही’ ही भावना निर्माण होते.

व्हेसलमध्ये हवा भरण्याची पद्धतही नीट पाहून घ्यावी. तिला गाडीच्या टायरला असतो तोच व्हॉल्व्ह असतो आणि तोच पंप चालतो. मात्र हीटिंगच्या पाण्याचा दाब आधी शून्यावर आणून, निचऱ्याची वाट उघडी ठेवूनच हवा मोजायची आणि भरायची असते. पाण्याचा दाब कायम असताना मापक लावले तर ते पाण्याचाच दाब दाखवते, आणि रिकामी व्हेसल भरलेली वाटते. त्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर पडदा फाटलेला आहे आणि व्हेसल बदलावीच लागते. काही बॉयलरांत ती मागच्या बाजूला अशी बसवलेली असते की काढण्यासाठी अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागतो. अशा वेळी जुनी तशीच आत ठेवून, बाहेर रिटर्नच्या (बॉयलरकडे परतणाऱ्या पाण्याच्या) पाइपवर वेगळी व्हेसल बसवणे हा पूर्णपणे मान्य आणि पुष्कळ स्वस्त उपाय आहे; इंजिनिअरने तो आपणहून सुचवला नाही तर विचारावा.

घर मागे वाढवले असेल किंवा माळ्यावर खोली काढली असेल, तर आणखी एक शक्यता असते. कॉम्बी बॉयलरच्या आतली व्हेसल साधारण आठ-दहा लिटरचीच असते. चार-पाच मोठे रेडिएटर नंतर जोडले गेले, तर व्हेसल निरोगी असूनही अपुरी पडते, आणि तिथेही जादा व्हेसल हेच उत्तर असते.

काटा उसळत नाही, गरम-थंडातला फरक अर्ध्या बारचा आहे, पण दोन्ही आकडे दिवसागणिक सारखेच खाली सरकत आहेत, असे दिसले तर ती सरळ गळती समजावी. सुरुवात रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हपासून करावी. कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती फिरवावा. हिरवट किंवा तपकिरी डाग, सोललेला रंग, गालिच्यावरचा कडक झालेला ठिपका या खुणा पाण्यापेक्षा बोलक्या असतात, कारण गरम जोडातून गळणारे पाणी जागच्या जागी सुकून जाते. न्हाणीघरातला टॉवेल-रेलिंग आणि थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची मान या नेहमीच्या जागा आहेत.

वर काही सापडले नाही, तर गळती बॉयलरमध्ये आहे की जमिनीखालच्या पाइपात, हे ठरवण्याची एक चाचणी आहे. रात्री बॉयलर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा आणि त्याच्याखालचे फ्लो (रेडिएटरकडे जाणारे पाणी) व रिटर्न (परतणारे पाणी) यांचे दोन आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करावेत. दाबमापक बॉयलरच्या बाजूला असतो. सकाळपर्यंत काटा खाली आला, तर पाणी बॉयलरमधून जात आहे. काटा जागेवर राहिला आणि व्हॉल्व्ह उघडताच एकदम घसरला, तर गळती पाइपांत किंवा रेडिएटरांत आहे. व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय बॉयलर सुरू करू नये. बॉयलरच्या आतली गळती कधीकधी मुख्य हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) पडलेल्या चिरेतून होते आणि पाणी कंडेन्सेटच्या पाइपातून निमूट निघून जाते. बॉयलर तासन्‌तास बंद असूनही त्या पाइपातून थेंब पडत राहिले, तर हा संशय बळावतो.

काँक्रीटच्या जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पाइपांची गळती हे या विषयातले सर्वांत खर्चिक प्रकरण आहे. सिमेंटचा थेट संपर्क तांब्याला कालांतराने खातो, आणि जुन्या बांधकामांत पाइप आवरणाशिवाय पुरलेले आढळतात. गळती शोधणारे लोक उष्णता टिपणारा कॅमेरा आणि चक्रात सोडलेला वायू यांच्या साहाय्याने जागा बरीच अचूक सांगू शकतात, त्यामुळे आधी फरशी फोडायला कुणी सुचवले तर थांबवावे. अनेक गृहविम्यांत गळतीची जागा शोधण्याचा आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च अंतर्भूत असतो. पॉलिसीतील ते कलम काम सुरू करण्यापूर्वी वाचावे. गळती बुजवणारे रसायन पाण्यात सोडण्याचा सल्लाही हमखास मिळतो. अतिसूक्ष्म झिरपण्यावर ते काही काळ चालते, मात्र काही बॉयलर-उत्पादकांना ते मान्य नसते, आणि वॉरंटी चालू असताना तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

उलट प्रकारही आढळतो: कुणी पाणी न भरताही काटा वर चढत जातो. फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर नळाच्या वाहिनीतले पाणी आत झिरपत राहते. नियमानुसार ही वेणीची नळी वापरानंतर काढून ठेवायची असते. ती कायम जोडलेली असेल तर काढून व्हॉल्व्हच्या टोकांना टोपण लावावे, म्हणजे निदान आपोआप होते. नळी काढूनही दाब चढत राहिला, तर वापराचे पाणी तापवणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरला आतून छिद्र पडलेले असू शकते. ते काम इंजिनिअरचे.

वारंवार पाणी भरण्याने काय बिघडते

मिनिटभराचे काम आहे, करत राहू, असा विचार स्वाभाविक आहे. पण नळाचे प्रत्येक नवे पाणी सोबत विरघळलेला ऑक्सिजन घेऊन येते आणि पोलादी रेडिएटर आतून गंजू लागतात. तयार होणारा काळा, चुंबकाला चिकटणारा मॅग्नेटाइटचा गाळ तळाशी बसतो, पंप जड करतो आणि हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटा बुजवतो. रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार लागला, तर आत गाळ बसला आहे असे समजावे. (खाली गरम आणि वर गार असेल, तर आत फक्त हवा आहे.) शिवाय गंज रोखण्यासाठी पाण्यात मिसळलेले इनहिबिटर दर भरण्याबरोबर पातळ होत जाते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड असल्यामुळे क्षारांची भर पडते ती वेगळीच. मँचेस्टर किंवा ग्लासगोच्या मृदू पाण्यात हा त्रास तितका नसतो. थोडक्यात, दोनशे-तीनशे पौंडांत सुटणारे व्हेसलचे किंवा व्हॉल्व्हचे दुखणे दोन हिवाळे चालू दिले, तर ते हीट एक्स्चेंजरपर्यंत पोहोचते, आणि तिथे मात्र ‘आता नवाच घ्या’ हा सल्ला खरा ठरू लागतो.

कडाक्याच्या थंडीत बंद पडणाऱ्या प्रत्येक बॉयलरचे कारण दाब हे नसते. काटा १.२ वर आहे, पण बॉयलर पेटत नाही, आतून गुडगुड आवाज येतो आणि ज्योत न लागल्याचा संकेत दिसतो (व्हेलंटवर एफ२८, वूस्टरवर ईए), तर बाहेरचा कंडेन्सेट पाइप गोठला असण्याची शक्यता मोठी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून जवळजवळ प्रत्येक नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा असतो आणि धुरातल्या वाफेचे पाणी या पाइपातून सतत निघते. डिसेंबर २०१०च्या गोठवणुकीत असंख्य घरे याच कारणाने गारठली होती. पाइपावर कोमट पाणी ओतावे (उकळते नको, पाइप तडकतो), मग बॉयलर रिसेट करावा. कायमचा उपाय म्हणजे पाइप शक्यतो घराच्या आतच निचऱ्याला जोडणे. बाहेरून न्यावाच लागला तर तो जाड, आखूड, पुरेशा उताराचा आणि जलरोधक आवरण घातलेला असावा.

नवा बॉयलर घ्यायचाच असेल तर

मुख्य हीट एक्स्चेंजर फुटला असेल, सुटे भाग मिळेनासे झाले असतील किंवा पंधरा वर्षांच्या बॉयलरला एका हिवाळ्यात दोन मोठ्या दुरुस्त्या आल्या असतील, तर नवा घेणे रास्त आहे. खरेदीत सर्वांत जास्त गोंधळ किलोवॅटच्या आकड्याचा होतो. तीन खोल्यांच्या सामान्य घराला कडक थंडीतही उबेसाठी आठ-दहा किलोवॅटपेक्षा फारसे जास्त लागत नाही. कॉम्बीवर लिहिलेला २४, ३० किंवा ३५ हा आकडा नळाच्या गरम पाण्यासाठी असतो. पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवायचे असेल, तर २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला सुमारे दहा लिटर, ३० चा बारा आणि ३५ चा चौदा लिटर पाणी देतो. एकच न्हाणीघर असलेल्या, बादलीने किंवा एका शॉवरने अंघोळ उरकणाऱ्या कुटुंबाला २४ ते ३० पुष्कळ होतो. सकाळी दोन शॉवर एकाच वेळी चालत असतील, तर मोठा कॉम्बी घेण्यापेक्षा टाकीसह सिस्टिम बॉयलरचा (नळाचे गरम पाणी टाकीत साठवणाऱ्या) विचार करावा. आणि काहीही घेण्यापूर्वी स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ पूर्ण सोडून एका मिनिटात किती लिटर भरतात ते मोजावे. नळालाच नऊ लिटर येत असतील, तर ३५ किलोवॅटचा बॉयलर चौदा कुठून आणणार?

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘बॉयलर प्लस’ नियमांनुसार नव्या गॅस बॉयलरची कार्यक्षमता किमान ९२ टक्के असावी लागते, वेळ आणि तापमान यांचे नियंत्रण लागते, आणि कॉम्बीसोबत वेदर किंवा लोड कॉम्पेन्सेशन (बाहेरच्या हवामानानुसार किंवा घराच्या गरजेनुसार पाण्याचे तापमान कमी-जास्त करणारे नियंत्रण), धुरातली उष्णता परत मिळवणारे उपकरण किंवा विशिष्ट स्मार्ट नियंत्रण यांपैकी एक जोड द्यावी लागते. माझा कल वेदर किंवा लोड कॉम्पेन्सेशनकडे आहे. त्यामुळे रेडिएटरला जाणारे पाणी गरजेपुरतेच तापते, परतणारे पाणी ५५ अंशांच्या खाली राहते, कंडेन्सिंग खऱ्या अर्थाने होते आणि सतत उसळणाऱ्या तापमानाचा ताण व्हेसलवरही कमी पडतो. मोबाइलवरून चालणाऱ्या थर्मोस्टॅटची चमक जास्त, हा भाग वेगळा.

हीट पंपाचा (बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणाऱ्या यंत्राचा) विचार करायचा असल्यास तोही याच टप्प्यावर करावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड योजनेतून एअर सोर्स (बाहेरच्या हवेतून उष्णता घेणाऱ्या) हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचे अनुदान ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, आणि ऐन जानेवारीत बॉयलर बंद पडल्यावर हा विचार करायला कुणालाच सवड नसते.

दरपत्रके किमान तीन मागवावीत आणि त्यांत केवळ अंतिम रक्कम न पाहता काही गोष्टी लेखी आहेत का ते पाहावे: जुनी यंत्रणा रसायनाने किंवा पॉवर फ्लशने (पंपाने जोरात पाणी फिरवून) धुणे, रिटर्न पाइपवर चुंबकीय फिल्टर, नवे इनहिबिटर, कंडेन्सेट पाइपाचा मार्ग, आणि एकूण पाण्याच्या मानाने व्हेसल पुरेशी आहे की नाही. धुण्याचे काम गाळून तीन-चारशे पौंड कमी सांगणारा माणूस स्वस्त वाटतो. मात्र जुना काळा गाळ नव्या हीट एक्स्चेंजरमध्ये गेला तर उत्पादक वॉरंटी नाकारू शकतो आणि ते त्याच्या अटींत लिहिलेले असते. दहा वर्षांची वॉरंटी दरवर्षी सर्व्हिस केली तरच दहा वर्षांची राहते. बसवल्यानंतर ठरावीक मुदतीत, बहुधा तीस दिवसांत, तिची नोंदणी करावी लागते, पुस्तिकेतील बेंचमार्कची (बसवणी आणि सर्व्हिसच्या नोंदींची) पाने भरून घ्यावी लागतात आणि गॅस सेफमार्फत येणारे बांधकाम-नियमांचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. घर विकताना सॉलिसिटर ते हमखास मागतो.

बॉयलर-विमा किंवा ‘कव्हर’ याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वॉरंटीतल्या बॉयलरसाठी ते घेण्यात अर्थ कमी. ज्याला अर्थ आहे ते म्हणजे पाइप, रेडिएटर आणि नियंत्रणे यांचा समावेश असलेले कव्हर, कारण वॉरंटी तिथे पोहोचत नाही. जुन्या बॉयलरसाठी घेताना मात्र चार कलमे आधी शोधावीत: आधीपासून असलेला दोष, गाळ व क्षारांमुळे झालेला बिघाड, सुरुवातीचे काही आठवडे दावा न करण्याची अट, आणि बॉयलरचे कमाल वय. दाब उतरत असतानाच घेतलेल्या कव्हरखाली त्याच दाबासाठी दावा केला, तर तो पहिल्या कलमाखाली फेटाळला जाणार हे धरून चालावे. व्हेसलची हवा आणि इनहिबिटरची मात्रा दरवर्षी खरोखर तपासणारा एक चांगला स्थानिक इंजिनिअर मला कोणत्याही मासिक हप्त्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. सर्व्हिसला तो आला की या दोन गोष्टी केल्या का, असे नाव घेऊन विचारावे. ब्रिटनमधील बीएस ७५९३ हे मानकही इनहिबिटर दरवर्षी तपासायला सांगते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी यातले काहीच स्वतःच्या खिशातून करू नये. इंग्लंडमध्ये १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या ११व्या कलमानुसार सर्वसाधारण भाडेकरारांत हीटिंग आणि गरम पाण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती घरमालकाकडे असते. दर बारा महिन्यांनी गॅसची तपासणी करून तिची नोंद २८ दिवसांत भाडेकरूला देणेही त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्यानेच द्यायचा आहे. ‘जरा पाणी भरत जा’ हे उत्तर मिळाले, तर आकड्यांचा तो कागद आणि दाबमापकाची छायाचित्रे ईमेलने पाठवून दुरुस्तीची मागणी लेखी करावी.

डिसेंबरात भारतात जाण्यापूर्वी

आपल्याकडच्या अनेक कुटुंबांचे घर ऐन थंडीत तीन-चार आठवडे बंद असते, आणि दाब उतरणाऱ्या बॉयलरचे खरे नुकसान याच काळात होते. बॉयलरमधले पाणी साधारण पाच अंशांजवळ आले की आतले संरक्षण आपोआप बर्नर पेटवते. परंतु दाब किमान मर्यादेच्या खाली असेल तर बर्नर पेटतच नाही, म्हणजे ज्या रात्री संरक्षणाची गरज आहे त्याच रात्री ते निकामी असते. शिवाय हे संरक्षण मुख्यतः बॉयलरपुरते असते. माळ्यावरचा किंवा गॅरेजमधला पाइप त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून दाबाचा प्रश्न नोव्हेंबरातच सोडवून घ्यावा. निघताना हीटिंग आणि वीज बंद न करता थर्मोस्टॅट बारा-तेरा अंशांवर ठेवावा, प्रीपेमेंट मीटर असल्यास त्यात पुरेसे पैसे भरावेत, घरात येणाऱ्या पाण्याचा स्टॉपकॉक बंद करावा आणि माळ्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे, म्हणजे घरातली ऊब वर पोहोचते. गृहविम्यात घर सलग किती दिवस रिकामे चालते (बऱ्याच पॉलिसींत ३० किंवा ६० दिवस) आणि हिवाळ्यात किती तापमान राखण्याची अट आहे, हे पाहून ठेवावे. किल्ली शेजाऱ्याकडे देताना दाबमापक कुठे आहे ते त्यांना दाखवावे, आणि काटा एकच्या खाली दिसला तर स्वतः पाणी न भरता फोन करावा, असे सांगावे. परत आल्यावर स्टॉपकॉक उघडून सर्व नळ आणि शॉवर काही मिनिटे सोडून द्यावेत, साचलेले पाणी जाऊ द्यावे, आणि थंड स्थितीतला आकडा निघतानाच्या आकड्याशी ताडून पाहावा.